लगेज तिकीट, नग तीन

डबलबेलचा नवरा तिच्या तालावर चालतो, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि त्यात कुचेष्टा चार आणे असली तर सत्य बारा आणे होतं. तो बसचा ड्रायव्हर आणि ती त्याच बसची कंडक्टर. छताखालची घंटीची दोरी तिने एकदा ओढली की त्याने थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा या दोरीवर गेली. घरी कोणाचा चमचा पेल्यावर दोनदा वाजला तर तो जेवता जेवता उठून उभा राहतो, असंही बोललं जायचं. खरं नसेल, पण खोडून काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. असल्या गोष्टी खोट्या ठरल्या तर गल्लीने संध्याकाळी करायचं काय?

बाई अंगाने आडवी, उंचीने बेताची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, खांद्याला चामड्याची पिशवी. घरात नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची आणि बसमध्ये ‘ड्रायव्हर’. एकदा चढावर तो चुकून “अगं, ऐकलंस का” म्हणाला, तर तिने भर बसमध्ये सुनावलं, “ड्यूटीवर अगं नाही. कंडक्टर म्हणा.” मागच्या बाकावरचे लोक आठवडाभर हसत होते.

नियमाच्या बाबतीत तिच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. जी वस्तू मांडीवर मावत नाही तिला लगेजचं पिवळं तिकीट, आणि त्या तिकिटाच्या मागे तारीख, कुठे चढली, वस्तू काय आणि नग किती हे पेन्सिलीने लिहायचं, असा नियम पुस्तकात होता. बाकीचे कंडक्टर मागे ‘सामान’ एवढा शब्द खरडून मोकळे व्हायचे. पुष्कळसे तेवढाही नाही. डबलबेल लिहायची, ‘शिवणयंत्र, नग १, एक पाय मोडका.’ ‘आरसा, नग १, तडा आधीचा.’ प्रवाशाने कपाळावर आठ्या घातल्या तर म्हणायची, “उद्या तुम्हीच भांडायला याल, आरसा बसमध्ये फुटला म्हणून. जे दिसतं ते लिहिलेलं बरं.”

ही बस डोंगरातल्या घाटातून, बोगदा पार करून, पुलावरून पलीकडच्या बाजारात जायची. आणि घाट होता पोतेचोराचा.

पोतेचोर हे त्याचं पहिलं नाव. सुरुवातीला तो आणि त्याचे तीन सोबती चढावर रेंगाळणाऱ्या ट्रकवरून पोती खाली ओढायचे. तेव्हा लोक त्याला तोंडावर पोतेचोर म्हणत आणि तो दात काढून हसे. मग कुठून तरी बंदुका आल्या आणि लोकांच्या जिभा मऊ झाल्या. पोतेचोराचा दादा झाला. घाटातून ट्रक न्यायचा तर दादाचा माणूस शेजारी बसवून न्यायचा. नाही बसवला तर ट्रक दरीत. शेवटी ट्रकवाल्यांनी वैतागून संघटना काढली. पहिल्याच बैठकीला दादा बंदूकवाल्यांना घेऊन आला आणि एकमताने अध्यक्ष निवडून आला. मतदान हात वर करून होतं, आणि बंदूक समोर असली की हात आपोआप वर जातात. तेव्हापासून तो दादासाहेब. पांढरे स्वच्छ कपडे, कानामागे अत्तर. पुलावरच्या पोलीस चौकीत नवा पंखा लागला, त्यावर ‘दादासाहेबांकडून’ अशी पट्टी. पोलीस त्या पंख्याखाली वारा खात बसायचे आणि दरोडेखोर सापडत नाहीत म्हणून हळहळायचे.

एका सकाळी बोगद्याजवळ दगडखाणीच्या कामगारांचा पगार घेऊन जाणारी गाडी लुटली गेली. पहारेकऱ्याच्या मांडीत गोळी बसली. बसमधल्या कोणाला यातलं काही माहीत नव्हतं. ती दहा मिनिटांनी तिथे पोचली, तर रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा.

तिथे थांबा नव्हता. पण माणसाच्या अंगावर बस घालायचं शिक्षण ड्रायव्हरला कोणी दिलं नव्हतं. बस थांबली. चौघे चढले. तोंडाला फडकी बांधलेली, तिघांच्या हातात बंदुका. चौथ्याने आत येताच फडकं सोडून मान पुसली. दादासाहेब! त्याला चेहरा लपवायची गरज वाटली नसावी. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे सरळ बघितल्याचं कोणी कबूल केलं नव्हतं.

“चल रे,” तो म्हणाला.

बस हलली नाही. ड्रायव्हर स्टिअरिंगचं चक्र दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसला होता.

“बहिरा आहेस का? चल म्हणतो ना!”

“घंटी नाही झाली,” ड्रायव्हर पुटपुटला.

हे धैर्य होतं असं कोणी समजू नये. त्याचं त्यानेच नंतर सांगितलं, “मला निघायचंच होतं हो, पण पायच दाबेना. अकरा वर्षांची सवय.” सगळ्या बसने माना वळवून डबलबेलकडे पाहिलं. ती तिकिटांची पेटी काखेत धरून पुढे येत होती.

“कुठे जायचं?” तिने विचारलं.

“बाई, डोकं ठिकाणावर आहे का?” एक बंदूकवाला खेकसला.

“डोक्याला तिकीट नाही. तुम्ही कुठे उतरणार ते सांगा.”

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. दादासाहेबाने बंदूकवाल्याच्या पाठीत थाप मारली. “अरे, काढा तिकिटं. आपण काय फुकटे आहोत? पूल ओलांडून बाजाराच्या थांब्याला, वहिनी. चार.”

तिने चार गुलाबी तिकिटं फाडली. तोवर ते तिघे चौकीतल्या पोलिसांना दिसू नयेत म्हणून बंदुका चादरीत गुंडाळत होते. डबलबेलने अंबाड्यातली पेन्सिल काढून त्या बोचक्याकडे रोखली.

“आणि हे? मांडीवर मावत नाही. लगेज लागेल.”

बसमध्ये माशी असती तर तीही बसून राहिली असती. दादासाहेब आधी बघतच राहिला आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “वहिनी, तुम्ही आमच्यात या हो! हे तिघे नुसतेच खातात. फाडा, लगेज फाडा.”

तिने पिवळं तिकीट फाडलं, उलटं करून पेटीवर दाबलं आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. दादासाहेबाने आपलं गुलाबी आणि ते पिवळं न बघताच खिशात कोंबलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “गंमत झाली. आता ऐका. चौकीवर तोंडातून एक शब्द जरी निघाला, तर मागची ती पोपटी साडीवाली पहिली.”

पोपटी साडीवालीच्या कुशीत तीन महिन्यांचं बाळ होतं. चौकीवर डबलबेल गप्प राहिली. पोलिसाने पंख्याखालूनच हात हलवला आणि बस पुढे गेली.

बाजाराच्या थांब्याला चौघे उतरले. ती सरळ आगारात गेली आणि व्यवस्थापकाला सगळं लिहून दिलं. व्यवस्थापकाने ते वाचलं, “शाब्बास, फार धाडस केलंत,” म्हणाला आणि कागद खणात ठेवला.

आठ दिवसांनी पोलीस आले, ते दादासाहेबाकडे नाही, ड्रायव्हरकडे. तो आरशासमोर दाढी करत होता; एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस. थांबा नसताना बस थांबवली, दरोडेखोरांना घेतलं, चौकीवरून गुपचूप पार नेलं, तेव्हा हा टोळीत सामील, असा आरोप.

“अहो, दुसरा गाल तरी होऊ द्या!” डबलबेलच्या सासूबाई पोलिसांना आडव्या झाल्या. “असा अर्धवट नेऊन कोणाला दाखवणार आहात? आणि हा दरोडा घालणार? शाळेत असताना शेजारच्याचं खोडरबर घरी आलं, तर रात्रभर रडला होता तो!”

त्याला तसाच नेला. डबलबेलने टॉवेल घेऊन जिन्यापर्यंत जाऊन त्याचा फेसाळ गाल पुसला, तेवढंच तिच्या हाती होतं.

मग एकेक दार बंद होत गेलं. व्यवस्थापक म्हणाला, “कसला कागद?” आणि खण उघडून दाखवला, आत फक्त टाचण्या. त्या दिवशीचा बसचा सगळा तपशीलही गहाळ. तिलाही घरी बसवलं. एकतीस प्रवासी होते, ती त्यांतल्या बावीस जणांच्या घरी स्वतः जाऊन आली. कोणाला त्या सकाळी बसमध्ये गाढ झोप लागली होती, कोणी खिडकीतून डोंगर बघत होतं. पोपटी साडीवालीने दार उघडलं, तिला बघून रडली आणि दार लावून घेतलं. दादासाहेबाकडे दवाखान्याचा दाखला होता, की त्या दिवशी त्याचं अपेंडिक्स काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणातही अपेंडिक्सच काढलं होतं म्हणे, पण त्या प्रकरणाची फाईल बेपत्ता होती, आणि अपेंडिक्स माणसाला किती असतात हे साहेबांना कोण विचारणार?

सरकारने दिलेली वकीलबाई तरुण होती, कायम सर्दी झालेली. ती नाक पुसत म्हणाली, “ताई, मला एक कागद आणून द्या. एकच. नुसत्या बोलण्यावर दहा वर्षं आत जाईल तुमचा माणूस.”

दर गुरुवारी तुरुंगात भेट मिळायची. तिसऱ्या गुरुवारी ड्रायव्हर जाळीपलीकडून म्हणाला, “अगं, साहेबांचा माणूस आला होता. कबूल कर म्हणतात. दोन वर्षांत सोडवतील. आईला, तुला काही कमी पडू देणार नाहीत.” त्याचा चेहरा एवढासा झाला होता. “मी विचार करतोय, की...”

डबलबेलने पेन्सिलीने जाळीच्या गजावर एकदा टक्क केलं.

“एक घंटी,” ती म्हणाली. “थांबायचं, ड्रायव्हर. मी दोन वाजवल्याशिवाय जागचं हलायचं नाही.”

त्याने गजावरच्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं, कंडक्टर.” आणि तिथेच बाईचा जीव गलबलला, पण ते तिने बाहेरच्या नळावर तोंड धुताना उरकलं.

त्याच आठवड्यात समोरच्या घरातली ब्लाउज शिवणारी आपल्या भावाच्या टेम्पोच्या परवानगीसाठी दादासाहेबाच्या कचेरीत जाऊन आली. आता तो नगराध्यक्षपदाला उभा राहणार होता आणि कचेरीत सकाळपासून रांग लागायची. ती आली ती जिन्यातूनच ओरडत, “अगं डबलबेल, तुझं तिकीट भिंतीवर लावलंय गं त्याने! सोनेरी फ्रेम करून! येईल त्याला दाखवतो, म्हणतो, लोक मला दरोडेखोर म्हणतात, मी तर सामानाचंसुद्धा तिकीट काढणारा माणूस. खाली लिहिलंय, ‘कायदा सर्वांना समान.’ निर्लज्ज मेला!”

डबलबेल इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“एक तिकीट आहे की दोन?”

“दोन. शेजारी शेजारी. गुलाबी आणि पिवळं.”

“पिवळं सुलटं की उलटं?”

“सुलटं. का गं?”

डबलबेलने इस्त्रीचे कपडे बाजूला सारले. शेजारीण गेल्यावर तिने सासूबाईंसमोर बैठक मारली आणि सांगितलं, पिवळ्याच्या मागे तिने काय लिहिलं आहे ते. सासूबाईंनी तोंडावर हात घेतला. “त्याच्या तोंडावर लिहिलंस? आणि त्याने वाचलं नाही?”

“लगेज तिकिटाच्या मागे कोण बघतं, आई? सगळे ‘सामान’च लिहितात.”

वकीलबाई ऐकून ताठ बसली, सर्दीसुद्धा विसरली. मग हळूच म्हणाली, “कोर्टाकडून जप्तीचा हुकूम मागितला तर दोन दिवस लागतील. आणि अर्ज दिल्यावर तासाभरात त्याला खबर. मग फ्रेम चुलीत. ती त्याच्या हातूनच यायला हवी.”

“येईल,” डबलबेल म्हणाली.

“कशी?”

“मागितल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सासू-सुना कचेरीत गेल्या. सासूबाईंना घरी थांबायला सांगून बघितलं होतं. “तुला एकटीला सोडून मी काय भिंती बघत बसू?” म्हणून त्यांनी चपला घातल्या. कचेरी म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून खुर्च्या, त्यावर चाळीसेक माणसं, पलीकडे काचेचं टेबल, टेबलामागे दादासाहेब आणि त्याच्या डोक्यावर ती फ्रेम. बंदुका कुठे दिसत नव्हत्या. आता सदऱ्याखाली ठेवण्याइतकी सुधारणा झाली होती.

डबलबेलला बघताच खोली चिडीचूप झाली. सगळ्यांना वाटलं, आता ही पाय धरणार. दादासाहेबालाही तेच वाटलं, कारण त्याचा चेहरा खुलला. “या, वहिनी, या! बसा, आजी. अरे, पाणी द्या. मंडळी, ह्याच त्या. मला तिकीट देणाऱ्या!”

लोक हसले, हसायचं होतं म्हणून.

“बोला. नवरा आत आहे, वाईट वाटतं. कायद्यापुढे माझंही चालत नाही. पण दुसरं काहीही मागा. ह्या खोलीतून कोणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही.”

“काहीही?” डबलबेलने विचारलं.

“चाळीस माणसं साक्षीला आहेत.”

“मग ती फ्रेम द्या.”

त्याला कळलंच नाही. त्याने मागे वळून फ्रेमकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

“साहेब, माझी नोकरी गेली,” ती म्हणाली. प्रत्येक शब्द खरा होता, म्हणून तिला बोलायला जड गेलं नाही. “अकरा वर्षं तिकिटं फाडली, आता घरात एक कपटासुद्धा नाही. गल्लीत सांगते, साहेबांनी माझ्याकडून तिकीट काढलं होतं, तर कोणी विश्वास ठेवत नाही. चारचौघांना दाखवायला तरी असावं.”

दादासाहेबाच्या कपाळावर बारीक आठी पडली. फ्रेम त्याला प्रिय होती. शेजारी उभा असलेला बंदूकवाला कानाशी वाकला, तोच तो, डोकं ठिकाणावर आहे का विचारणारा. तो काय कुजबुजला कोण जाणे. क्षणभर वाटलं, गोष्ट तिथेच बुडाली.

तेव्हा सासूबाई पाण्याचा पेला खाली ठेवत मोठ्याने म्हणाल्या, “चल गं, सूनबाई. मोठी माणसं बोलतात तसं सगळं द्यायचं नसतं. उगाच लाजवू नकोस त्यांना.”

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. चाळीस जोड्या डोळे वर भिंतीकडे आणि खाली साहेबांकडे असे ये-जा करत होते. दादासाहेब ताडकन उठला. “आजी, मला ओळखलं नाहीत तुम्ही. काढ रे ती फ्रेम!”

फ्रेम उतरली. डबलबेलने हात पुढे केले, पण त्याने ती टेबलावर पालथी घातली आणि पेन मागितलं. “नुसती कशी देऊ? सही करून देतो.”

पाठीला खाकी पुठ्ठा होता, त्याच्या कडांना चिकटपट्टी. त्या पुठ्ठ्याच्या पलीकडे, नखाच्या जाडीवर, तिचं अक्षर होतं. पट्टीचा एक कोपरा सुटलेला होता. दादासाहेबाने तो अंगठ्याने दाबून बसवला आणि पुठ्ठ्यावर ऐसपैस लिहिलं, ‘मी स्वतः काढलेली तिकिटे. बसताईंस सप्रेम भेट.’ खाली सही, तारीख, आणि हौस म्हणून संघटनेचा शिक्का. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या, जरा जास्तच.

परत येताना दोघी बसने आल्या. फ्रेम चांगली हातभर रुंद, मांडीवर ठेवली तर शेजारणीच्या पोटात टोचे. डबलबेलने कंडक्टरला हाक मारली, “लगेज फाड रे.”

“अहो ताई, राहू द्या. आपल्यातल्या आपल्यात काय?”

“फाड म्हणते ना. आणि मागे लिही. फ्रेम, नग १, पाठीवर सही-शिक्का. तारीख घाल. कचेरीच्या थांब्यावर चढलो ते घाल.”

“ही काही सुधारणार नाही,” कंडक्टर सासूबाईंना म्हणाला.

“देव करो आणि न सुधारो,” सासूबाई म्हणाल्या.

दोघी घरी न जाता वकीलबाईकडे उतरल्या, आणि तिघी तिथून थेट कोर्टात गेल्या. वकीलबाईने फ्रेम कोर्टाच्या ताब्यात देऊन पावती घेतली, तेव्हा कुठे डबलबेलने पाणी मागितलं.

सुनावणीच्या दिवशी दादासाहेबाला साक्षीला बोलावलं. तो ऐटीत आला. फ्रेम बघून जरासा गोंधळला. वकीलबाईने विचारलं, ही तिकिटं तुम्हीच काढलीत ना? पाठीवर त्याचीच सही, नाही कसं म्हणणार? कधी काढलीत? “आठवत नाही. आम्ही पुष्कळदा बसने जातो.” लगेज कसलं होतं? “असेल काही. भाजीपाला.”

न्यायाधीशांनी फ्रेम उघडायला सांगितली. शिरस्तेदाराने पट्टी कापली, पातळ पातं घातलं आणि पिवळं तिकीट अलगद सुटलं. फ्रेमवाल्याने गोंद फक्त चार टोकांना ठिपक्याएवढा लावला होता. त्याने चिकटवताना मागचं वाचलं होतं की काय, हे गल्लीने त्याला नाना परींनी विचारलं. तो म्हणतो, गोंद महाग झालाय.

शिरस्तेदाराने तिकीट उलटं केलं, चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं. तारीख, पगाराची गाडी लुटली तीच. “चढण्याची जागा, बोगदा. बंदुका, नग ३, चादरीत. एकीच्या नळीला ताज्या धुराचा वास.”

कोर्टात एवढी शांतता झाली की वकीलबाईची शिंक तोफेसारखी वाजली.

दादासाहेबाचा वकील उठला. हे कालच लिहिलं असेल, म्हणाला. पण त्या तिकिटाचा नंबर त्या सकाळी डबलबेलच्या पेटीत दिल्याची नोंद तिकीट भांडाराच्या वहीत होती. व्यवस्थापकाला तपशील गायब करायचं सुचलं, भांडाराची वही असते हे तो विसरला होता. आणि फ्रेम कचेरीतून निघाली ती पुठ्ठ्यावर साहेबांच्या सहीने बंद होऊन, हे सांगणारं लगेजचं दुसरं पिवळं तिकीट डबलबेलने पिशवीतून काढून पुढे ठेवलं. न्यायाधीशांनी तेही उलटं करून वाचलं आणि त्यांना हसू आवरायला रुमाल लागला.

मग गाढ झोपलेले प्रवासी एकेक करून जागे झाले. सगळ्यांत आधी पोपटी साडीवाली आली, बाळाला कडेवर घेऊन. ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याच्याकडे तिने नाव घेऊन दाखवलं. तिच्यामागे तो खोकल्यात हसणारा म्हातारा. ड्रायव्हर सुटला त्या दिवशी त्याची दाढी दोन्ही गालांवर सारखीच वाढली होती.

दादासाहेब आत गेला. खटला अजून चालू आहे, आणि त्याचं अपेंडिक्स पुन्हा दुखतंय असं ऐकतो. व्यवस्थापकाची बदली झाली. ती शिक्षा म्हणायची की बढती, यावर गल्लीत दोन तट आहेत. डबलबेलच्या खिडकीवर एकदा दगड आला. तिने काच बसवून घेतली आणि दगड दारात ठेवला, दार आपटू नये म्हणून. “घरी बसा आता काही दिवस,” असं सांगायला बरेच हितचिंतक आले. त्यांना चहा मिळाला. तिने मात्र नोकरी परत द्या म्हणून सहा अर्ज केले, सातव्याला दिली. मार्ग दुसरा देतो म्हणाले, सोपा, सपाट. ती म्हणाली, “घाट बंद केलात का? नाही ना? मग माझा तोच.”

घाटही रिकामा राहिला नाही. संघटनेच्या खुर्चीत आता दुसरा बसतो. त्याला अजून नुसतं दादा म्हणतात. साहेब व्हायचा आहे.

पहिल्या दिवशी बस बोगद्याच्या अलीकडच्या थांब्यावर थांबली. एक तगडा माणूस चढला. हातात गोणपाटात गुंडाळलेलं लांबलचक बोचकं, सुतळीने आवळलेलं. त्याने ते बाकाखाली सरकवायला सुरुवात केली. बस सुरू झाली नाही. ड्रायव्हर दोन्ही हात चक्रावर ठेवून समोर बघत होता.

डबलबेल पुढे आली. “मांडीवर मावतं का?”

“काठ्या आहेत,” माणूस म्हणाला.

“मग लगेज. सोडून दाखवा.” तिने अंबाड्यातून पेन्सिल काढली. “तिकिटाच्या मागे वस्तू लिहावी लागते.”

माणसाने तिच्याकडे पाहिलं. मग पेन्सिलीकडे. मग बसमधल्या लोकांकडे, आणि ते सगळे, एकूण एक, जागे होते आणि सरळ त्याच्याकडे बघत होते. त्याने बोचकं ओढून काढलं आणि खाली उतरला.

पुढून आवाज आला, “कंडक्टर?”

“थांबा जरा, ड्रायव्हर. मागचे दोघे तिकिटाचे राहिलेत.”

तिने त्या दोघांना तिकिटं दिली, पेन्सिल जागच्या जागी खोचली आणि दोरी दोनदा ओढली.